फ्रान्सच्या रस्त्यावरची फ्रेंच

फ्रान्समध्ये गावाच्या हद्दीवर एक पांढरी पाटी असते. लाल किनार आणि मध्ये काळ्या अक्षरांत गावाचं नाव, एवढंच. वेगाचा आकडा तिच्यावर नसतो. पण ती ओलांडली की कायद्याने वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर होते, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला तेच नाव तिरप्या लाल रेघेने खोडलेलं दिसेपर्यंत ती लागू राहते. चालकाला हे ठाऊकच आहे असं तिथला कायदा धरून चालतो. शाळेजवळ ३० किंवा मोठ्या रस्त्यावर ७० अशी वेगळी मर्यादा असेल तेव्हा आकड्याची गोल पाटी लावतात, आणि पुढे तीच पाटी पुन्हा आली की तिच्याखाली 'रापेल' असं लिहिलेलं असतं. रापेल म्हणजे आठवण. मर्यादा मागेच सांगितली आहे, ती अजून चालू आहे, एवढं तो एक शब्द सांगतो. तो गावाचं नाव समजून नकाशात शोधत बसणारे प्रवासी मला भेटले आहेत.

गाडीविषयीची फ्रेंच शिकायची म्हटलं की पाठ्यपुस्तकात मोटारीचं एक चित्र येतं. स्टीअरिंगला बाण, तिथे 'व्होलाँ'. चाक 'रू', टायर 'प्नो', डिकी 'कॉफ्र', बॉनेट 'कापो'. आपल्याकडे अकरावी-बारावीला गुण मिळवून देणारा विषय म्हणून फ्रेंच घेणारी मुलं पुण्या-मुंबईत पुष्कळ. ती हे चित्र पाठ करतात आणि गुणही मिळवतात. माझी तक्रार यादीबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. भाड्याची गाडी घेऊन स्ट्रासबुर्गहून कोल्मारला निघालेल्या कुटुंबाला बॉनेटचा शब्द बहुधा लागणारच नाही. पाट्या मात्र सतत लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. तेवढ्यात पाटीवरचे तीन शब्द वाचून, समजून, पाय ब्रेकवर जायला हवा. म्हणून मी आधी वाचायचे शब्द शिकवते, मग ऐकायचे, आणि बोलायचे सगळ्यात शेवटी.

वाचायच्या शब्दांत पहिला मान 'सेदे ल पासाज'चा. अर्थ, वाट द्या. उलट्या त्रिकोणाच्या पाटीसोबत तो येतो आणि त्रिकोण आपल्यालाही ओळखीचा असल्याने अडचण येत नाही. अडचण येते ती पाटीच नसते तिथे. दोन रस्ते एकमेकांना मिळतात, सिग्नल नाही, त्रिकोण नाही, थांबण्याची रेघ नाही. अशा ठिकाणी फ्रान्समध्ये 'प्रियोरिते आ द्र्वात' हा नियम चालतो: उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तुम्ही मोठ्या, सरळ रस्त्यावर असा आणि तो एखाद्या बोळातून बाहेर पडत असो, तरी वाट तुम्हीच द्यायची. आपल्या सवयीला हे फार जड जातं, कारण मोठ्या रस्त्यावरची गाडी पुढे जाणार हे आपण न सांगता मानतो. तिकडचा बोळातला माणूस हक्क आपला आहे हे ओळखून सरळ बाहेर येतो. यातून सुटका करणारी पाटी म्हणजे पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला. तो दिसला की मुख्य रस्त्याचा हक्क तुमचा. तोच चौकोन काळ्या रेघेने खोडलेला दिसला की हक्क संपला आणि उजवीकडे लक्ष ठेवायची वेळ आली. या दोन पाट्यांवर एकही अक्षर नसतं, तरी मी त्या शब्दांबरोबरच शिकवते. प्रियोरिते या शब्दाचा खरा वापर तिथेच कळतो.

वर्तुळाकार चौकांची गोष्ट वेगळी. एके काळी तिथेही उजवीकडच्याचा, म्हणजे आत शिरणाऱ्याचा हक्क पहिला होता. १९८०च्या दशकात नियम फिरला आणि आत फिरत असलेल्या गाड्यांना प्राधान्य मिळालं. लोकांची सवय मोडायची म्हणून अशा चौकांच्या तोंडाशी एक सबंध वाक्यच लिहिलं गेलं: 'व्हू नाव्हे पा ला प्रियोरिते', तुम्हाला प्राधान्य नाही. व्याकरणाच्या तासाला नकारार्थी वाक्य शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही, कारण हे वाक्य विसरण्याची किंमत विद्यार्थ्याला लगेच उमगते. पॅरिसमधला आर्क द त्रियोंफभोवतीचा चौक मात्र जुन्याच नियमाने चालतो. तिथे बारा रस्ते येऊन मिळतात, आणि आत शिरणाऱ्याला आतल्यांनी वाट द्यायची असते. नवख्याने तिथे गाडी नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शहरात शिरल्यावर 'तूत दिरेक्स्यों' आणि 'ओत्र दिरेक्स्यों' या पाट्या भेटतात. पहिलीचा अर्थ 'सगळ्या दिशा', दुसरीचा 'इतर दिशा'. सगळ्या दिशा एकाच बाजूला कशा असतील, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर सोपं आहे: बाहेरगावी जाणारी वाहतूक गावाच्या मध्यातून न नेता एका ठरावीक वाटेने बाहेर काढायची, आणि पुढे ती वाट फुटते. जवळच्याच पाटीवर तुमच्या गावाचं नाव असेल तर त्या बाणाने जायचं, नसेल तर 'ओत्र'च्या. 'साँस युनीक' म्हणजे एकेरी मार्ग आणि 'साँस अँतेर्दी' म्हणजे प्रवेश बंद. 'सोफ रिव्हरँ' हे शब्द प्रवेशबंदीच्या खाली असतात: त्या रस्त्यावर राहणारे सोडून. अल्सासमधल्या किंवा प्रोव्हाँसमधल्या जुन्या गावांत हे पदोपदी दिसतं, आणि मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला बिनदिक्कत त्याच गल्लीत घालतो. 'रूत बारे' म्हणजे रस्ता बंद, 'देव्हियास्यों' म्हणजे वळसा, 'त्राव्हो' म्हणजे काम चालू. डोंगराळ भागात 'व्हेर्ग्ला' लिहिलेलं असतं. डांबरावर जमलेला, डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर म्हणजे व्हेर्ग्ला. महाराष्ट्रात गाडी शिकलेल्या माणसाला या धोक्याचा अनुभव नसतो, तेव्हा हा शब्द ठळक करून ठेवावा.

पाटीचा रंगही वाचायचा असतो. निळ्यावर पांढरी अक्षरं म्हणजे मोटारवे, हिरव्यावर म्हणजे मोठ्या शहरांना जोडणारे रस्ते, आणि पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे जवळपासची गावं. मोटारवेवर मर्यादा १३०, पाऊस असला तर ११०. दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यांवर १ जुलै २०१८ पासून ९० ऐवजी ८० झाली, पुढे काही जिल्ह्यांनी आपल्या काही रस्त्यांवर पुन्हा ९० केली. त्यामुळे जिल्हा बदलला की पाटीकडे नीट पाहावं लागतं.

टोलनाका म्हणजे 'पेआज'. हिरवा बाण असलेल्या रांगेत सगळे चालतात. नारिंगी रंगातलं एक मोठं इंग्रजी 'टी' अक्षर असलेली रांग गाडीत टोलचं यंत्र बसवलेल्यांसाठी असते. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या मार्गावर २०२४ मध्ये नाकेच काढून टाकले. तिथे पाटीवर 'फ्ल्यू लिब्र' असे दोन शब्द येतात. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे ७२ तासांच्या आत आपण होऊन भरायचे असतात. वाटेत अडवणारं कोणी नसल्यामुळे परक्या माणसाला टोल लागला हेच कळत नाही, आणि नंतर भाड्याची गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत दंडाचं पत्र येतं. दोन शब्द न वाचल्याचा हा सगळ्यात महाग प्रकार.

आता ऐकायचे शब्द. गाडीतल्या नकाशाचा आवाज फ्रेंचमध्ये लावून ठेवावा असं मी शिकणाऱ्यांना सांगते. अर्थात गाडी दुसरं कोणी चालवत असेल तेव्हा, किंवा घरी बसून. वाक्यं थोडी असतात आणि पुन्हा पुन्हा येतात, तीही थेट आज्ञार्थी. 'तुर्ने आ गोश', डावीकडे वळा. 'ओ रों-प्वँ, प्रने ला दझ्येम सोर्ती', चौकात दुसऱ्या वाटेने बाहेर पडा. 'फेत दमी-तूर', मागे फिरा. यात एक जोडी जिवावरची आहे. 'आ द्र्वात' म्हणजे उजवीकडे, आणि 'तू द्र्वा' म्हणजे सरळ. दोन्हींच्या मुळाशी एकच विशेषण. एकात शेवटचा 'त' उच्चारला जातो, दुसऱ्यात तो लिहिलेला असतो पण कानावर येत नाही. फ्रेंच माणसाला वाट विचारली की तो हात हलवत भरभर बोलतो, आणि तेवढ्या एका 'त'वर आपली दिशा ठरते. माझ्या मते पुढचा शब्द धरून ठेवणं जास्त भरवशाचं: 'आ' ऐकू आला तर वळायचं, 'तू' ऐकू आला तर सरळ.

शेवटची व्यंजनं गिळण्याची ही फ्रेंच रीत मोटारींच्या नावांमुळे आपल्याला थोडी ओळखीची आहे. २००७ मध्ये महिंद्राबरोबर नाशिकला तयार झालेली लोगान ज्या कंपनीची, तिचं नाव 'रनो'. लिहिताना शेवटी 'ल' आणि 'त' दोन्ही असतात. नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यातून ३०९ क्रमांकाची गाडी निघायची, तिचं फ्रेंच कुळ 'पजो'. त्यातही शेवटचा 'त' कोणी म्हणत नाही.

मोटारवेवर रेडिओ १०७.७ एफएम लावला की रस्त्याची खबर मिळते. तिथे सगळ्यात जास्त कानावर येतो तो 'बूशों', म्हणजे बाटलीचं बूच. वाहतूक तुंबली की रस्त्याला बूच बसलं. त्याच्यापुढे किलोमीटर येतात आणि रस्त्याचा क्रमांक येतो, आणि इथे फ्रेंच आकडे घात करतात. पंचाहत्तर म्हणायला ते 'साठ-पंधरा' म्हणतात, शहाऐंशीला 'चार-वीस-सहा'. एकवीस ते नव्याण्णव प्रत्येक आकड्याला वेगळं रूप पाठ करून आलेल्या मराठी माणसाला हे जमायला हरकत नाही. फक्त बेरीज चालू असताना फाटा निघून जाऊ नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत 'बिझों फ्युते' हे नावही ऐकू येतं. १९७६ पासून चालत आलेल्या सरकारी वाहतूक-सल्ल्याचं ते नाव, अर्थ 'हुशार गवा'. प्रवासाचे दिवस तो हिरवे, नारिंगी, लाल आणि काळे असे रंगवतो. जुलै संपताना निम्मा देश सुट्टीहून परततो आणि उरलेला निघतो, तो शनिवार बहुधा काळा असतो. त्या दिवशी 'इतिनेरेर बीस' लिहिलेल्या पाट्यांमागे जावं. ती मुद्दाम आखलेली पर्यायी वाट असते, आणि बऱ्याचदा जास्त सुंदरही.

गाडीच्या भागांकडे येताना एक सोय सांगायला हवी. फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला लिंग आहे, पण दोनच. आपल्याकडे तीन. 'व्वात्यूर' स्त्रीलिंगी, आपली गाडीही स्त्रीलिंगी. ट्रकला 'कामियों', दोन्हीकडे पुल्लिंगी. बस मात्र आपल्याकडे ती आणि तिकडे तो, सायकलही तशीच. जिथे जुळतं ते सोडून द्यावं आणि जिथे उलटं आहे तेवढंच घोकावं, म्हणजे काम निम्मं होतं. 'पार' म्हणजे अडवणारा हे एकदा कळलं की काच 'पार-ब्रीझ', वारा अडवणारी, आणि बंपर 'पार-शॉक', धक्का अडवणारा. वायपरला 'एस्वी-ग्लास', काच पुसणारा. फ्रेंचने इथे गाडीचे भाग त्यांच्या कामावरून ओळखले आहेत, त्यामुळे हे शब्द तोंडी बसायला वेळ लागत नाही.

फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. 'कोंद्युक्तर' म्हणजे चालक. एसटीतल्या तिकीट देणाऱ्या कंडक्टरशी त्याचा कामाच्या बाबतीत काही संबंध नाही. 'कार' म्हणजे लांब पल्ल्याची बस. जुन्या गाड्यांतला 'स्तार्तर' म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला चोक म्हणतात तो. इंजिन सुरू करणारा तो 'देमारर'. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर तर अशा शब्दांची रांगच लागते. 'लोकास्यों' म्हणजे भाड्याने देणं. 'कोस्यों' म्हणजे अनामत, ती तुमच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवली जाते. 'फ्राँशीज' म्हणजे विमा असूनही नुकसानीतला जो वाटा तुम्हाला स्वतः भरावा लागतो तो. इंग्रजी येणाऱ्या माणसाला हे तिन्ही शब्द समजल्यासारखे वाटतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा असतो. सही करण्यापूर्वी 'फ्राँशीज'पुढचा आकडा किती हे पाहावंच. हजाराच्या वर युरो असणं नवलाचं नाही. आणि 'ब्वात ओतोमातीक' हवी असेल तर आधीच सांगून ठेवावं, नाहीतर हातात हाताने गिअर टाकायची गाडी येते, तीही डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेली.

पंपावरची चूक त्याहून वाईट. पेट्रोलला 'एसाँस' म्हणतात. 'पेत्रोल' हा शब्द फ्रेंचमध्ये आहे, पण तो जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलाचा, आणि जुन्या दिव्यात घालायच्या रॉकेलचाही. डिझेल म्हणजे 'गाझोल', बोलताना 'गाझ्वाल'. 'साँ प्लों' म्हणजे शिसं नसलेलं, म्हणजे पुन्हा पेट्रोलच. पंप बहुतेक ठिकाणी स्वतःच हाताळायचा असतो, विचारायला माणूस नसतो. २०१८ पासून युरोपभर नळीवर आणि नव्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणावर सारख्याच खुणा लावतात: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. शब्द आठवेना तर आकार जुळवावा. टाकी फुल्ल करायला 'फेर ल प्लँ' म्हणतात. गाडी परत करण्याआधी हे करायचं असतं.

मोटारीची शब्दावली फ्रेंचमध्ये इतकी भरभरून का आहे, याला इतिहास आहे. निकोला-जोसेफ क्युन्यो याची तोफा ओढण्यासाठी बनवलेली वाफेची तीनचाकी गाडी १७६९-७० मधली. तिचा दुसरा नमुना पॅरिसच्या कला आणि तंत्र संग्रहालयात आजही पाहता येतो. १८९४ मध्ये एका वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी बिनघोड्यांच्या गाड्यांची स्पर्धा भरवली. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मोटारी बनवण्यात फ्रान्स जगात आघाडीवर होता, आणि इतरांनी गाड्यांबरोबर त्यांचे शब्दही उचलले. गॅरेज, शोफर, कूपे, लिमोझिन हे सगळे तिथून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आले. शोफर म्हणजे मुळात भट्टी तापवणारा, वाफेच्या इंजिनापाशी बसणारा माणूस. आपल्या आरसी बुकावर जो चासी नंबर असतो, तो 'शासी' म्हणजे चौकट. मुंबईत घरी मोटार असलेल्यांच्या तोंडी 'शोफर' फार काळ होता. आता मराठीत तो जवळजवळ गेला. फ्रान्समध्ये तो टॅक्सी आणि बस चालवणाऱ्यांसाठी रोज वापरला जातो, आणि बेदरकार गाडी हाकणाऱ्याला त्यावरूनच 'शोफार' म्हणतात.

१८९३ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी चालकाकडे योग्यतेचा दाखला हवा असा हुकूम काढला. १८९८ मध्ये युझेसच्या डचेसने असा दाखला मिळवला. फ्रान्समधली ती पहिली स्त्री चालक मानली जाते, आणि त्याच वर्षी जास्त वेगासाठी तिला दंडही झाला. क्लेर्मों-फेराँ इथले आंद्रे आणि एद्वार मिश्लँ हे बंधू टायर विकायचे. लोकांनी गाडीने फिरावं म्हणून त्यांनी १९०० मध्ये चालकांसाठी एक छोटं मार्गदर्शक पुस्तक छापून फुकट वाटलं. टायर कसा बदलायचा, पेट्रोल आणि मेकॅनिक कुठे मिळतील, मुक्काम कुठे करावा, हे त्यात होतं. आज जगभरच्या रेस्टॉरंटांना तारे देणारं मिश्लँ गाइड ते हेच. दोन ताऱ्यांचा अर्थ त्यांनी 'वळसा घेण्याजोगं' आणि तिनांचा 'खास प्रवास करण्याजोगं' असा ठरवला. स्वयंपाकाची ही प्रतवारी रस्त्याच्या भाषेत केलेली आहे, कारण पुस्तक मुळात टायर झिजावेत म्हणून निघालं होतं.

या सरकारी आणि कारखान्यातल्या शब्दांच्या खाली चालकांची स्वतःची बोली आहे, आणि मला ती सगळ्यात प्रिय आहे. रस्त्यातल्या खड्ड्याला ते 'नी-द-पूल' म्हणतात, कोंबडीचं घरटं. गतिरोधक 'दो-दान', गाढवाची पाठ. रस्ता जिथे फुटतो ती जागा 'पात-द्वा', हंसाचा पाय. घाटातली वळणं 'लासे', बुटाच्या नाड्या. दुसऱ्याच्या पुढे जाऊन एकदम आडवं घुसणं म्हणजे 'को-द-प्वासों', माशाची शेपटी. आपण सिग्नल तोडतो, ते भाजतात: 'ग्रिये अँ फो रूज'. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत मागे घेत गाडी लावण्याला 'क्रेनो' म्हणतात. क्रेनो म्हणजे किल्ल्याच्या तटावर दोन चर्यांमध्ये सुटलेली मोकळी जागा. राजगड किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला हा शब्द सांगितला की तो पुन्हा विचारत नाही. परवान्याच्या परीक्षेत हे करून दाखवावं लागू शकतं. लेखी भागात ४० प्रश्नांपैकी किमान ३५ बरोबर यावे लागतात, आणि २०२४ पासून परवाना १७व्या वर्षी मिळतो. त्यामुळे ही बोली शाळकरी पोरांच्याही तोंडी असते.

राहिले बोलायचे शब्द. ते लागतात गाडी बंद पडल्यावर. 'ज स्वी आँ पान', माझी गाडी बंद पडली आहे. 'जे क्रव्हे', पंक्चर झालंय. 'ला व्वात्यूर न देमार पा', गाडी सुरू होत नाही. ही तीन वाक्यं पाठ असावीत, बाकी हातवाऱ्यांनी भागतं. पण बोलण्याआधी अंगात चमकदार पिवळं जॅकेट चढवायचं. 'जिले जोन' २००८ पासून प्रत्येक गाडीत सक्तीचं आहे आणि ते डिकीत नव्हे, हाताला येईल असं ठेवायचं असतं. घरोघर असलेलं हेच जॅकेट घालून नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरच्या कराविरुद्ध लोक चौकाचौकांत उतरले, आणि आंदोलनाला तेच नाव पडलं. मोटारवेवर असाल तर सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे जावं आणि कडेच्या नारिंगी फोनवरून कळवावं. त्या फोनवरून जागा आपोआप समजते. मोबाइलवरून ११२ लावलात तर रस्त्याचा क्रमांक आणि कोणत्या शहराच्या दिशेने निघाला आहात, हे सांगावं लागतं. दिशेसाठी 'व्हेर' हा शब्द: 'व्हेर लियों', लियोंकडे. मोटारवेवर ओढून न्यायला येणारी 'देपानोझ' ठरलेल्या परवानाधारकाचीच असते, ओळखीचा मेकॅनिक बोलावता येत नाही.

दुसऱ्या गाडीला घासलं, कोणाला इजा नाही, तर तिथे सहसा पोलिसांची वाट पाहत नाहीत. दोन्ही चालक मिळून 'कोंस्ता आमियाब्ल' नावाचा कागद भरतात, सामोपचाराने केलेली नोंद. कागदावर डावीकडे गाडी 'अ', उजवीकडे गाडी 'ब', आणि मध्ये १७ प्रसंगांची यादी, ज्यावर फुल्या मारायच्या. जवळजवळ सगळी क्रियापदं अपूर्ण भूतकाळात: 'रक्युले', मागे येत होती, 'दूब्ले', पुढे काढत होती, 'व्हिरे आ गोश', डावीकडे वळत होती. सोळावा प्रसंग आहे 'व्हने द द्र्वात', उजवीकडून येत होती, तोच बोळातला माणूस. वर्गात हा काळ शिकवताना मी हाच कागद समोर ठेवते. खाली दोन्ही गाड्यांचं रेखाचित्र काढायचं, त्याच्या कडेला आपलं म्हणणं लिहायला जागा असते. पुढच्या बाजूवर दोघांच्या सह्या झाल्या की एकट्याने त्यात बदल करता येत नाही आणि विमा कंपनी त्याच्यावरच निर्णय देते. कागद पाच कामकाजाच्या दिवसांत पोचवायचा असतो. समोरचा घाई करत असला तरी फुलीचा अर्थ कळल्याशिवाय सही करू नये. या कागदाची मांडणी युरोपभर सारखी असते, प्रसंगांचे क्रमांकही तेच. इंग्रजी प्रत आधीच छापून हातमोज्यांच्या कप्प्यात, 'ब्वात आ गाँ'मध्ये, ठेवली तर फ्रेंच प्रतीवरचा प्रत्येक क्रमांक तिच्याशी लावून वाचता येतो.